आजीचा चंद्र कोणी खाल्ला?

पत्र

माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. मागच्या महिन्यात शाळेत त्यांना क्रीमच्या बिस्किटांवर चंद्राच्या कला करायला लावल्या. चमच्यानं क्रीम खरवडून केलेली आठ बिस्किटं, पुठ्ठ्यावर गोलात चिकटवलेली. घरी येईपर्यंत दोन हिनं खाल्ली होती आणि उरलेल्यांना रात्री मुंग्या लागल्या. नावं मात्र तिला पाठ झाली. मग संकष्टीला सासूबाई चंद्रोदयाची वाट बघत गच्चीवर गेल्या, ही त्यांच्या मागोमाग. खाली येऊन मला विचारते, "आई, आजीचा चंद्र वरून कोणी खाल्ला?" मी म्हटलं, पृथ्वीची सावली पडते ना त्याच्यावर. नवरा म्हणाला, ते ग्रहण, कलांचं तसं नसतं. मग कसं असतं, ते त्यालाही नीट सांगता येईना. मुलगी पुस्तक घेऊन बसणाऱ्यांतली नाही, हातानं काही करायला मिळालं की रमते. घरीच खाण्याचं काही करून हे शिकवता येईल का? सासूबाई बिस्किटांचं ऐकून म्हणाल्या होत्या, "अन्नाशी खेळू नये." शिवाय तीन वर्षांचा धाकटा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला.

– एक आई, नाशिक

उत्तर

प्रिय ताई,

सावलीचं उत्तर देणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं वर्गाला तेच सांगत होते. मग एका दुपारी शाळा सुटताना मैदानावरून अर्धा चंद्र दिसत होता, ऊन लख्ख होतं, आणि तिसरीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, सूर्य पण वर आहे, चंद्र पण वर आहे, मग सावली कुठल्या बाजूनं पडली?" मला उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळी मी घरी उकडलेला बटाटा आणि कंदील घेऊन बसले, तेव्हा कुठे मला स्वतःला ते समजलं. म्हणून आधी एवढंच करा, लेकीला सरळ सांगा की त्या दिवशी मी सांगितलं ते चुकीचं होतं, आता आपण दोघी मिळून शोधू. सात वर्षांच्या मुलीला आईबरोबर एखादी गोष्ट शोधायला मिळणं यासारखं सुख नाही.

खरी गोष्ट तीन वाक्यांची आहे. चंद्र स्वतः उजेड देत नाही. सूर्याचा उजेड त्याच्या अर्ध्या अंगावर पडतो आणि ते अर्धं अंग कायम उजळलेलं असतं, अमावास्येलासुद्धा. चंद्र आपल्याभोवती फिरत असल्यामुळे त्या उजळ अर्ध्यापैकी आपल्या वाट्याला किती येतं, ते रोज बदलतं. वाक्यं सोपी आहेत, पण मुलांना ती ऐकून कळत नाहीत. त्यांना गोल वस्तू हातात लागते.

बिस्किटाची अडचण नेमकी तिथे आहे. बिस्किट चपटं असतं आणि क्रीम खरवडून काढायचं असतं. मुलाच्या हाताला जे कळतं तेच डोक्यात बसतं, की चंद्र कोणीतरी खरवडतं, खातं, आणि पंधरा दिवसांनी तो पुन्हा भरून येतो. तुमच्या लेकीनं "कोणी खाल्ला" असं विचारलं ते उगाच नाही. शाळेनं तिला जे करायला दिलं त्यातून तिनं अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला. मला त्या प्रश्नाचं फार कौतुक वाटलं, आणि त्यातला "वरून" हा शब्द तर तुम्ही जपून ठेवा. वद्य चतुर्थीचा चंद्र पूर्वेला उगवतो तेव्हा त्याचा कमी झालेला भाग खरोखरच वरच्या अंगाला असतो. साधारण आठवा हिस्सा गेलेला असतो, दुधाच्या पातेल्यावरची साय एका कडेनं काढावी तसा. मोठ्या माणसांना हे सहसा दिसतच नाही, कारण आपण चंद्र बघून लगेच ताटं वाढायला वळतो. तुमच्या मुलीनं ते पाहिलं.

आता सासूबाई. अन्नाशी खेळू नये, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पुठ्ठ्याला चिकटवून मुंग्यांच्या स्वाधीन झालेलं बिस्किट मलाही बघवत नाही. खाण्याच्या वस्तूंनी शिकवायचं तर माझा नियम असा, की तो पदार्थ घरात एरवीही झाला असता असाच हवा, स्वच्छ हातांनी हाताळलेला हवा आणि शेवटी पानात पडायला हवा. हे त्यांना सांगा आणि मग त्यांनाच या कामात ओढा. कारण तुमच्या घरात चंद्राची सगळ्यात जास्त माहिती त्यांना आहे. इतकी वर्षं दर महिन्याला उपाशीपोटी कोणी चंद्राची वाट बघितली असेल, तर ती त्यांनी.

लेकीला आजीला विचारू द्या, की पौर्णिमेला चंद्र कधी उगवतो आणि संकष्टीला कधी. पौर्णिमेला तो सूर्य मावळता मावळता उगवतो. नंतर रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो. चतुर्थीपर्यंत तो उशीर तीन तासांच्या आसपास जातो, म्हणून आजीचा उपास नऊ-साडेनऊपर्यंत ताणतो. आणि पुढे वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. आजीच्या तोंडून ऐकलेली ही वेळ आणि कालनिर्णयात छापलेली चंद्रोदयाची वेळ मुलीनं स्वतः ताडून पाहिली की आकाशात काहीतरी शिस्तीत चाललंय याची तिला खात्री पटते.

तिथी म्हणजे तरी काय? चंद्र सूर्यापासून किती पुढे सरकला त्याचं माप. पूर्ण फेरी ३६० अंशांची, तिथ्या तीस, म्हणून एका तिथीला १२ अंश. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात, त्यात तीस तिथ्या बसवायच्या म्हणून एखादीचा क्षय होतो. मुलीला क्षयबिय सांगू नका. तिला मूठ दाखवा. हात ताठ पुढे करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. लहान मुलांची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे माप जुळतं. चंद्र रोज एक मूठ आणि वर थोडा, एवढा सूर्यापासून पुढे जातो. दोन संध्याकाळी त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून तिनं हे मोजलं तर "प्रतिपदा, द्वितीया, तृतीया" ही पाढ्यासारखी घोकायची नावं उरणार नाहीत. त्या मुठी होतील.

आता लाडू. यासाठी मी नाचणीचे लाडू सांगते, कारण त्यांचा रंग गडद असतो आणि ते मऊ असतात. एक वाटी नाचणीचं पीठ तीन-चार चमचे तुपावर मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा. गार झालं की पाऊण वाटी पिठीसाखर, वेलची आणि वळण्यापुरतं पातळ तूप घाला. लिंबाएवढे आठ लाडू वळा, आणि वळायला लेकीलाच बसवा. मग सुक्या खोबऱ्याची काळी पाठ खरवडून बारीक कीस करा, म्हणजे तो पांढराशुभ्र येतो. लहान वाटीत कीस भरायचा, लाडवाच्या एका अंगाला तुपाचं बोट फिरवायचं आणि लाडू बरोब्बर कमरेपर्यंत किसात दाबून बाहेर काढायचा. पहिले दोन बिघडतात, कीस अंगठ्यालाच चिकटतो, सीमारेषा वाकडी येते. तिसऱ्यापासून हात बसतो. अर्धा पांढरा, अर्धा काळसर, मध्ये सरळ रेघ. आठही लाडू असेच, अगदी सारखे. ही गोष्ट महत्त्वाची आहे, पण बनवताना तिला ती बोलून दाखवू नका.

तुमची बाल्कनी पश्चिमेला आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. हॉलच्या मध्यभागी पाट ठेवून लेकीला त्यावर बसवा, तोंड बाल्कनीकडे. तिच्याभोवती हातभर अंतरावर आठ स्टुलं, खुर्च्या, त्यांच्यावर उपडे डबे, जे असेल ते मांडून लाडू तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. सगळ्या लाडवांची पांढरी बाजू बाल्कनीकडे. तिच्याकडे नव्हे, बाल्कनीकडे. इथे हमखास चूक होते, मोठ्यांचीही. बाल्कनी म्हणजे मावळता सूर्य. आता तिला जागच्या जागी डावीकडे हळूहळू फिरायला सांगा आणि प्रत्येक लाडवाशी थांबून, तिला पांढरं किती दिसतं ते वहीत काढू द्या.

बाल्कनीच्या रेषेतला लाडू तिला सगळा काळा दिसेल. ती अमावास्या. थोडं डावीकडे वळली की उजव्या कडेला पांढरी कोर. आणखी वळून तोंड दक्षिणेला आलं की उजवा अर्धा पांढरा, अर्धा काळा, ही शुद्ध अष्टमी. पाठ बाल्कनीकडे झाली की समोर पूर्ण पांढरा लाडू. पुढे वळत राहिली की पांढरं डाव्या बाजूला राहतं आणि आटत जातं, तो वद्य पक्ष. तुमच्या घरात ही मांडणी आकाशाशी तंतोतंत जुळते. शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी सूर्य बाल्कनीकडे मावळत असेल तेव्हा अर्धा चंद्र खरोखरच दक्षिणेकडे, तिच्या डाव्या हाताला, उंच असतो. पौर्णिमेचा तिच्या पाठीमागे पूर्वेला उगवतो. आणि तिच्या उजव्या हाताकडचे लाडू? ते चंद्र संध्याकाळी उगवलेलेच नसतात. त्यांच्यासाठी आजीसारखं थांबावं लागतं, नाहीतर पहाटे उठावं लागतं. आजीचा चंद्र कुठला हे तिला शोधू द्या. पौर्णिमेच्या लगेच पुढचा लाडू, तोच तो. तिनं स्वतः त्यावर बोट ठेवलं तर तुमचं काम झालंच समजा.

मी हे वर्गात पहिल्यांदा केलं तेव्हा एक मुलगी दोन फेऱ्या पाटावर बसल्या बसल्या फिरली, मग उठली, गोलाच्या बाहेर गेली आणि बाहेरून एकेक लाडू बघत चालली. खिडकीपाशी पोचल्यावर ओरडली, "बाई, सगळे सारखेच आहेत की! सगळेच अर्धे आहेत!" त्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप आहे. तुमची लेक आपणहून उठली नाही तर तिला बाल्कनीत उभं करून विचारा, इथून लाडू कसे दिसतात. सूर्याच्या जागेवरून आठही पूर्ण पांढरे दिसतात. चंद्र कमी-जास्त होतो तो पाटावर बसलेल्याला. सूर्याला रोज पौर्णिमाच दिसते.

तिला चांद्रयानाची गोष्ट माहीत असेल तर इथे जरूर सांगा. लाडवावरची पांढऱ्या-काळ्याची रेघ म्हणजे चंद्रावर जिथे सूर्य उगवतोय किंवा मावळतोय ती जागा. चंद्रावर एका ठिकाणी ऊन आलं की ते आपले सुमारे चौदा दिवस टिकतं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं विक्रम लँडर दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं, तो दिवस असाच निवडलेला होता. तिथे नुकतंच उजाडलं होतं, म्हणजे सौर पट्ट्यांना पुढचे चौदा दिवस ऊन मिळणार होतं. आपल्याकडे त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती, आकाशात जवळजवळ अर्धा चंद्र होता.

नवऱ्याचं ग्रहणाचं म्हणणंही बरोबर होतं, तेव्हा पुढचा प्रयोग त्यांच्याकडे द्या. रात्री हॉलमधले सगळे दिवे घालवून एकच उघडा बल्ब तिच्या डोक्याच्या उंचीला लावायचा. एक साधा, खोबरं न लावलेला लाडू काट्याला टोचून तिनं हात लांब करून धरायचा आणि पुन्हा डावीकडे फिरायचं. आता कोर, अर्धा, पूर्ण हे सगळं बल्बच्या उजेडानं आपोआप होईल, खोबऱ्याची गरज नाही. रव्याचा पांढरा लाडू असेल तर आणखी छान दिसतं. बल्बकडे पाठ झाली की तिच्या स्वतःच्या डोक्याची सावली लाडवावर पडेल आणि तो काळवंडेल. हे चंद्रग्रहण. हात थोडा उंच केला की सावली सुटते आणि लाडू लख्ख होतो. ही पौर्णिमा. दर पौर्णिमेला ग्रहण का नसतं, याचं उत्तर तिच्या हाताच्या त्या उचलण्यात आहे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी तिरकी आहे, त्यामुळे बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेला, तो बरोबर सावलीत शिरला आणि आपल्याकडून खग्रास ग्रहण दिसलं.

चंद्र सावली किती सहज चुकवतो हे बघायचं असेल तर देवापुढचा नारळ घ्या. तेरा सेंटीमीटरचा नारळ पृथ्वी धरला तर चंद्र साडेतीन सेंटीमीटरचा, आपल्या लाडवाएवढा, आणि दोघांमधलं अंतर जवळजवळ चार मीटर. नारळ बाल्कनीच्या दारात ठेवलात तर लाडू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जातो. एवढ्या लांब तो नारळाच्या रेषेपासून फूटभर वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि तिथे पृथ्वीची सावली जेमतेम नऊ सेंटीमीटर रुंद असते. पुस्तकात पृथ्वी आणि चंद्र शेजारीशेजारी काढलेले असतात, त्यामुळे सगळ्यांना सावलीचंच सुचतं. तुम्हालाही त्यामुळेच सुचलं असणार.

चपटे पदार्थ अजिबात नकोत असं नाही. चेंडूसारखा चंद्र एकदा समजला की मग पोळीवर रोजची नोंद ठेवायला हरकत नाही. संध्याकाळी बाल्कनीतून चंद्र बघायचा आणि रात्रीच्या जेवणात तिच्या पोळीला तो आकार द्यायचा. इथे एक बारकावा सांगते, कारण बिस्किटं करताना, रांगोळी काढताना तो सगळेच चुकतात. आपण पोळीवर वाटी सरकवून ठेवतो आणि कापतो, की झाली चंद्रकोर. तिची टोकं आत वळलेली, एकमेकांकडे झुकलेली येतात. तसा आकार ग्रहणात दिसतो. बीज-तृतीयेच्या कोरीची टोकं कायम समोरासमोर, वर्तुळाच्या बरोबर अर्ध्यावर असतात. म्हणून पोळी आधी मधोमध दुमडून घडीची खूण पाडा, मग उघडून त्या खुणेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका बाजूच्या कडेकडे फुगलेली कमान कापा. बाहेरचा तुकडा ही खरी कोर. उरलेला मोठा तुकडा म्हणजे एकादशी-द्वादशीचा फुगीर चंद्र, फक्त उलट बाजूचा. सरळ घडीवर कापलं तर अष्टमी, आणि दिवाळी असेल तर कापायलाही नको, करंजी आहेच.

पोळी कापताना मोठा तुकडा लगेच उचलू नका. कोरीला लागून तसाच ताटात राहू द्या आणि लेकीला शुद्ध तृतीयेच्या संध्याकाळी बाल्कनीत न्या. सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला की कोर चमकत असते आणि तिच्या पोटात बाकीचा गोल चंद्र अगदी पुसट, राखाडी दिसतो. सात वर्षांच्या डोळ्यांना तो आपल्यापेक्षा चांगला दिसतो. पृथ्वीवर पडलेला सूर्याचा उजेड परतून चंद्रावर जातो आणि त्याच्या काळोख्या भागाला एवढंसं उजळतो. कोणी खाल्लेलं नाही, सगळा चंद्र तिथेच आहे. हे तुम्ही दहा वेळा सांगण्यापेक्षा तिनं एकदा बघावं.

शाळेच्या बिस्किटातली कोर कंसासारखी उभी होती का? तसा चंद्र फार उत्तरेकडच्या देशांत दिसतो. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, त्यामुळे आपल्याकडे माघ-फाल्गुनात संध्याकाळची कोर होडीसारखी जवळजवळ आडवी असते आणि भाद्रपद-आश्विनात तिरकी होते. मुलीनं पुस्तकापेक्षा वेगळं चित्र काढलं तर खोडू नका, ती बघून काढतेय. आजीच्या कपाळावरची चंद्रकोर आकाशातल्या कोरीशी कधी जास्त जुळते, हे तिला वर्षभर बघता येईल. पुढे ती चौथीत जाईल तेव्हा महाराजांच्या राजमुद्रेतलं "प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः" वाचेल. प्रतिपदेच्या कोरीसारखी वाढत जाणारी, हे शब्द तिला तोपर्यंत डोळ्यांनी माहीत असतील.

सुरुवात कधी करायची? पावसाळ्यात नको, ढगांनी विरस होतो. भाऊबीज उत्तम. धाकट्याला ओवाळून झालं की दोघांना बाल्कनीत न्या. त्या दिवशी कोर फार बारीक आणि क्षितिजाजवळ असते, समोर इमारत असली तर दुसऱ्या दिवशी बघा. तिथून पौर्णिमेपर्यंत चंद्र रोज संध्याकाळी, मुलं जागी असताना दिसतो, हा शुद्ध पक्षाचा मोठा फायदा. अभ्यास आहे, परीक्षा आहे म्हणून दोन-चार दिवस चुकले तर काही बिघडत नाही. गणेश चतुर्थीला चंद्र बघायचा नाही असं आजी म्हणाल्या तर ती एक रात्र सोडून द्या. त्यावरून वाद घालण्याइतकं महत्त्व त्या एका नोंदीला नाही, आणि या कामात आजी तुमच्या बाजूला हव्यात. इंग्रजी नावांचीही घाई नको. बीज, अष्टमी, एकादशी, पौर्णिमा ही नावं घरात रोजच्या बोलण्यात आहेत, तिथूनच सुरू करा.

धाकट्यासाठी दोन गोष्टी पाळा. काटा फक्त मोठीच्या हातात आणि तुम्ही शेजारी असतानाच. टूथपिक, अख्खे शेंगदाणे, कडक तिळाचे लाडू या खेळात आणूच नका, घशात अडकतात. त्याला मऊ लाडवाचा चुरा वाटीत द्या, बसवून द्या. त्याला यातलं काही समजलं नाही तरी चालेल, त्याची वेळ येईल. आठ लाडू एका दिवसात संपवायचे नाहीत हेही आधीच ठरवा. घरात पाच माणसं आहेत, दोन दिवसांत पुरतात.

आणि एक प्रयोग मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो मला सगळ्यांत आवडतो. वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी साडेसातला लेक शाळेच्या बससाठी खाली उभी असेल तेव्हा अर्धा चंद्र आकाशात असतो, नैऋत्येकडे बराच उंच, निळ्या आभाळात फिकट. बिल्डिंगच्या सावलीतून दोन पावलं उन्हात या. सूर्याकडे बघायचं नाही, तो डाव्या बाजूला राहू द्यायचा. डब्यातला रव्याचा लाडू तिनं हातात घ्यावा, हात ताठ करावा आणि एक डोळा मिटून लाडू चंद्राच्या अगदी शेजारी धरावा. लाडवाची डावी बाजू उन्हानं उजळलेली असेल, उजवी सावलीत. चंद्राचीही डावी उजळलेली, उजवी दिसत नाही. तोच सूर्य, तोच उजेड, दोघांवर एकाच बाजूनं. बस येईपर्यंत तिला बघू द्या, मग लाडू तिनं खाल्ला तरी चालेल.

तुमची,
बाई